अंतर जोखणारा माणूस



वसंत व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय निघाला म्हणजे श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे गडकोट, लढाया आणि तहनामे उभे राहावेत हे साहजिकच आहे. आज मी ज्या इतिहासाविषयी बोलणार आहे त्याची व्याप्ती मात्र फारच लहान आहे. ती अवघ्या दोन बोटांची आहे. चित्रपटगृहाच्या काळोखात आपण बसलेलो असतो. पडद्यावर एखादी स्त्री दूरवरून चालत येते, अगदी आपल्यापुढे येऊन उभी राहते, आणि तिच्या डोळ्यांत पाणी तरळले आहे हे आपणांस स्वच्छ दिसते. आपण तिच्या दुःखात बुडून जातो. ती चालत असताना पावलोपावली कोणीतरी माणूस तिचे कॅमेऱ्यापासूनचे अंतर मनाशी जोखीत होता आणि भिंगाभोवतीची कडी त्या मानाने फिरवीत होता, हे आपल्या ध्यानीमनीही नसते. त्याने दोन बोटांची चूक केली असती तर डोळे अंधुक झाले असते आणि कानातली कुडी तेवढी रेखीव दिसली असती. या माणसाला चित्रपटाच्या धंद्यात ‘फोकस पुलर’ म्हणतात. पूर्वी तो कॅमेऱ्याला खेटून उभा असे. आज तो पन्नास पावलांवर उभा राहतो, हातात एक चाक धरतो आणि बिनतारी यंत्राने ती कडी फिरवितो. कॅमेऱ्याजवळून तो दूर कसा गेला, आणि त्या दूर जाण्यात काय मिळाले व काय हरवले, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

हा विषय येथे शिळफाट्यावर का काढावा, असे कोणी विचारील. (ठाण्याकडचा शिळफाटा वेगळा, आपला हा खोपोलीचा, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचा.) त्याचे उत्तर असे की, चित्रपटाच्या इतिहासाचे दोन्ही टोकांचे धागे आपल्या या मुलुखाजवळून जातात. कर्जतहून मुंबईकडे निघाले म्हणजे चौथे स्टेशन वांगणी. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटाची बाहेरची दृश्ये त्या गावी घेतली. आणि खालापूर तालुक्यातच, चौकाहून कर्जतला जाणाऱ्या रस्त्यावर, कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ साली आपला प्रशस्त स्टुडिओ उभारला. ‘जोधा अकबर’ या २००८ सालच्या चित्रपटासाठी मोगल राजवाडे उभे राहिले ते तेथेच. या दोन ठिकाणांमध्ये आगगाडीने आणि मोटारीने तासा-दीड तासाचे अंतर. काळाने मात्र शंभर वर्षांचे. त्या शंभर वर्षांत फोकस धरणाऱ्या हाताचे काय झाले ते पाहावयाचे आहे.

प्रथम फोकस म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. चाळिशी लागलेला गृहस्थ पंचांग वाचताना ते हातभर लांब धरतो. जवळ आणले तर अक्षरे पुसट होतात. त्याच्या डोळ्यातील भिंगाची लवचिकता गेलेली असते, म्हणून तो पंचांगच पुढेमागे करतो. कॅमेऱ्याचे भिंगही असेच ताठर असते. ते एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू खरीखुरी रेखीव दाखविते. त्या अंतराच्या अलीकडे-पलीकडे थोडा पट्टा असा असतो की, त्यातील वस्तू आपल्या डोळ्याला रेखीव भासतात. हा पट्टा किती रुंद असावा हे तीन गोष्टींवर अवलंबून असते : भिंगाचे नाभीय अंतर, त्याच्या छिद्राचा आकार, आणि वस्तू किती दूर आहे. साधे हिशेब करून पाहा. पन्नास मिलिमीटरचे भिंग घेतले, छिद्र आठ अंकापर्यंत आवळले आणि सहा मीटरवर फोकस लावला, तर सुमारे चार मीटरपासून साडेअकरा मीटरपर्यंतचे सारे रेखीव येते. तेथे नटाने खुशाल इकडेतिकडे फिरावे. आता तेच भिंग दोन अंकापर्यंत उघडा आणि नटाला दोन मीटरवर उभा करा. पट्टा सोळा सेंटिमीटरांचा, म्हणजे एका वितीहूनही कमी, उरतो. आणि पंच्याऐंशी मिलिमीटरचे भिंग एक-पूर्णांक-चार अंकावर ठेवून त्याच दोन मीटरवर लावले, तर अवघे चार सेंटिमीटर ! मी आरंभी दोन बोटे म्हटले ती हीच. छिद्र उघडावे की आवळावे हे पुन्हा उजेडावर ठरते. म्हणून या सगळ्या इतिहासाचा खरा सूत्रधार उजेड आहे, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवू.

दादासाहेबांना उजेडाची वाण नव्हती. १९१२ साली लंडनला जाऊन त्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला आणि त्र्यंबक तेलंग या आपल्या सहकाऱ्याच्या हाती त्याचा दांडा दिला. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लोकांपुढे आला. हा सारा कारभार सूर्यनारायणाच्या भरवशावर चालला होता. कॅमेरा तिपाईवर खिळलेला. पात्रे डोक्यापासून पायापर्यंत दिसतील इतक्या अंतरावर. वर लख्ख ऊन. छिद्र आवळलेले असल्यामुळे रेखीवपणाचा पट्टा ऐसपैस. अशा वेळी फोकस एकदा लावला की दृश्य संपेपर्यंत त्याकडे पाहावयाचे कारणच नसे. त्यासाठी वेगळा माणूस कोण ठेवील ? दांडा फिरविणारा तोच फोकस लावणारा. वांगणीला पोशाख चढवून, तलवारी घेऊन हिंडणारी ही मंडळी दरोडेखोर असावीत, अशा समजुतीने गावकऱ्यांनी त्यांना अडकवून ठेवले आणि दादासाहेब मागाहून आले तेव्हा कोठे उलगडा झाला, अशी हकीकत सांगतात. ती मौजेची आहेच. पण तिच्यातून एक गोष्ट दिसते. त्या वेळी चित्रपट ही काय चीज आहे हेच लोकांना ठाऊक नव्हते, आणि जे चित्रपट करीत होते त्यांच्यातही कामांची वाटणी अजून व्हावयाची होती.

ती वाटणी कोल्हापुरात सुरू झाली. आनंदराव आणि बाबूराव या मिस्त्री बंधूंना जग ‘पेंटर’ या नावाने ओळखते. विलायती कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून त्यांनी तो स्वतः बनवावयाचे ठरविले. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूरावांनी चिकाटीने काम पुरे केले आणि १९१८ च्या सुमारास घरचा कॅमेरा तयार झाला. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली त्यातून निघाला. ज्याने भिंग बसविण्याची चौकट आपल्या हाताने घासून तयार केली, त्याला अंतर आणि रेखीवपणा यांचे नाते पुस्तकातून शिकावे लागत नाही. या कंपनीने ‘सिंहगड’ (१९२३) साठी रात्रीची दृश्ये कृत्रिम प्रकाशात घेतली. सूर्य सोडून माणसाने केलेल्या उजेडावर विसंबण्याचा हा आरंभ होता. आणि माणसाचा उजेड सूर्याच्या मानाने तोकडाच असावयाचा. उजेड तोकडा म्हणून छिद्र मोठे, आणि छिद्र मोठे म्हणून पट्टा अरुंद. फोकस जपणाऱ्या माणसाची गरज अशी हळूहळू जवळ येत चालली होती.

बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेल्या मंडळींनी १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी काढली आणि १९३३ साली ती पुण्यास नेली. पुण्याच्या स्टुडिओतील पहिला बोलपट ‘अमृतमंथन’ (१९३४). दिग्दर्शक व्ही. शांताराम, छायाचित्रण केशवराव धायबर यांचे. ज्यांनी तो पाहिला आहे त्यांना चंद्रमोहन या नटाचा, राजगुरूच्या भूमिकेतील, पडदा भरून टाकणारा डोळा विसरता येणार नाही. तो घेण्यासाठी दूरदर्शी, म्हणजे टेलिफोटो, भिंग वापरले होते. आता आपण मघाचा हिशेब आठवू. नाभीय अंतर वाढले की पट्टा आक्रसतो. पडदाभर डोळा दाखवावयाचा, तर नटाने मान बोटभर पुढे नेऊनही चालणार नाही. आणि नेलीच, तर भिंगाची कडी तितकीच हलली पाहिजे. त्या डोळ्यातील भीषणता प्रेक्षकाला जाणवते ती अभिनयामुळे, यात शंका नाही. पण ती त्याच्यापर्यंत पोचते ती कोणाच्या तरी हातातील काटेकोरपणामुळे.

बोलपट आला आणि फोकसचे काम खऱ्या अर्थाने स्वतंत्र झाले. ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी लागला. ‘अयोध्येचा राजा’ पुढल्याच वर्षी. आवाज टिपावयाचा म्हणजे कॅमेऱ्याची घरघर बंद केली पाहिजे. म्हणून कॅमेऱ्याला जाड, आवाज दाबणाऱ्या पेटीत घालावे लागले. पेटीच्या आत भिंग, आणि हात बाहेर ! तेव्हा दाते असलेली चाके जोडून कडीचा कान पेटीच्या बाहेर काढला गेला. पात्राच्या हालचालीबरोबर फोकस नेत राहावयाचे जे उपकरण, त्याला ‘फॉलो फोकस’ म्हणतात. आज बिनतारी झालेले यंत्र हे त्याचेच वंशज आहे.

या काळातील एका अडचणीची आज कल्पना येणे कठीण आहे. चित्रण चालू असताना भिंगातून काय दिसते आहे ते कोणालाच दिसत नसे ! हॉलिवुडात आणि पुढे आपल्याकडेही नावाजलेल्या मिचेल कॅमेऱ्यात, आधी कॅमेऱ्याचा भाग बाजूस सरकवून भिंगातून पाहून घ्यावयाचे, मग तो पुन्हा जागेवर आणावयाचा आणि चित्रण सुरू झाल्यावर शेजारच्या वेगळ्या दर्शकातून नुसती चौकट सांभाळावयाची, अशी रीत होती. १९३७ साली जर्मनीच्या आरी कंपनीने फिरत्या आरशाचा आरिफ्लेक्स कॅमेरा काढला, तेव्हा कॅमेरा चालविणाऱ्याला चित्रण होत असतानाच भिंगातून पाहता येऊ लागले. पण त्या नेत्रिकेला डोळा एकच लागणार, आणि तो चालकाचा. फोकस पुलर तसाच आंधळा राहिला. त्याची साधने तीन : मोजण्याची फीत, जमिनीवरील खुणा आणि स्वतःचा अंदाज. फीत कॅमेऱ्यातील फिल्मच्या पातळीपासून नटाच्या डोळ्यापर्यंत ताणावयाची; नट जेथे थांबेल तेथे पट्टीची खूण चिकटवावयाची; प्रत्येक खुणेसमोरचा आकडा कडीवर लिहून ठेवावयाचा. मधले अंतर मात्र अंदाजाने भरून काढावयाचे. बैलगाडी हाकणारा रस्त्याचा उतार ज्या सवयीने ओळखतो, किंवा आमच्याकडची कातकरी मंडळी झाडावरच्या फळाचा पल्ला ज्या नजरेने जोखतात, तीच ही विद्या. अक्षरात मांडता न येणारी, देहात मुरलेली.

तो चुकला की नाही हे त्याला लगेच कळत नसे. फिल्म रसायनशाळेत जावयाची, धुऊन यावयाची आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कच्चे तुकडे पडद्यावर पाहावयाचे. त्या काळोखात त्याचा निकाल लागे. तोवर सेट मोडलेला असला, नटी दुसऱ्या गावी गेलेली असली, तर त्या दोन बोटांची किंमत निर्मात्याला हजारोंनी मोजावी लागे. आपल्या शेजारी खोपोली-पाली रस्त्यावर २०१३ साली जे इमॅजिका नावाचे करमणुकीचे उद्यान उघडले, ते काढणाऱ्या मनमोहन शेट्टींनी १९७८ साली ॲडलॅब्ज ही फिल्म धुण्याची रसायनशाळा स्थापन केली होती. त्या उद्यानात पाळण्यांवर ओरडणाऱ्या मुलांना कोठून कळावे की, या वैभवाच्या मुळाशी एक काळोखी खोली होती आणि तेथून येणाऱ्या निरोपाची वाट पाहत कित्येक फोकस पुलर जीव मुठीत धरून बसत !

उजेड वाढवून हे संकट टाळता आले नसते काय ? आले असते, आणि कोणी कोणी टाळलेही. अमेरिकेत ‘सिटिझन केन’ (१९४१) साठी ग्रेग टोलंड या छायाचित्रकाराने भरपूर उजेड ओतला, छिद्र आवळले, रुंद कोनाची भिंगे घेतली आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सारे रेखीव दाखविले. पण उजेड म्हणजे वीज, आणि वीज म्हणजे पैसा. येथे आपणांस खोपोलीची आठवण झालीच पाहिजे. घाटमाथ्यावरील वळवण, लोणावळे, शिरवटे या तलावांचे पाणी खाली आणून टाटांनी १९१५ साली येथे वीज निर्माण केली आणि ती मुंबईच्या गिरण्यांना दिली. मुंबईच्या विजेचा एक मोठा झरा असा आपल्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. मुंबापुरीचे स्टुडिओ पुढे दिव्यांनी झगमगले तेव्हा त्या झगमगाटात आपल्या पाण्याचाही अंश होता, असे म्हणावयास हरकत नाही. तरीही आपल्याकडचा निर्माता दिव्यांच्या बाबतीत सढळ नसे. त्यातच १९५९ साली गुरुदत्तांचा ‘कागज के फूल’ हा पहिला भारतीय सिनेमास्कोप चित्रपट आला. रुंद पडद्यासाठी चित्र आडवे दाबणारी भिंगे लागत. ती वजनदार, आणि फोकसच्या बाबतीत मोठी हट्टी. व्ही. के. मूर्ती यांनी त्या चित्रपटात उजेडाचे जे झोत सोडले त्यांची वाहवा झाली. मूर्तींना २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. छायाचित्रकाराला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ. पहिल्या छायाचित्रकाराला इतकी वर्षे थांबावे लागले, तर त्याच्या शेजारी कडी धरून उभ्या असणाऱ्याची वाट कोणी पाहावी ?

आता हा हात कॅमेऱ्यापासून सुटला कसा ते पाहू. १९७५ साली स्टॅन्ली कुब्रिकने ‘बॅरी लिंडन’ मध्ये मेणबत्त्यांच्या उजेडात दृश्ये घेतली. त्यासाठी शून्य-पूर्णांक-सात अंकाचे, मुळात अमेरिकेच्या अंतराळसंस्थेसाठी बनविलेले झाइस भिंग वापरले. पट्टा इतका अरुंद की नट खुर्चीत हलला तरी पंचाईत. त्याचा फोकस पुलर डग्लस मिलसम याने दृश्याच्या काटकोनात दुसरा एक दूरचित्रवाणीचा कॅमेरा ठेवला, त्याच्या पडद्यावर अंतराच्या रेघा आखल्या आणि नट पुढे आला की मागे गेला ते बाजूने पाहून कडी फिरविली. अंतर नजरेने जोखण्याऐवजी पडद्यावर जोखण्याचा हा एक आद्य प्रयोग म्हणावा लागेल.

याच सुमारास गॅरेट ब्राउन या अमेरिकनाने ‘स्टेडीकॅम’ काढला. चालकाच्या अंगावर चिलखतासारखा पट्टा, त्याला स्प्रिंगचा हात, आणि त्या हातावर तोललेला कॅमेरा. माणूस जिना चढला, धावला तरी चित्र पाण्यावरच्या नावेसारखे संथ. १९७६ सालच्या ‘बाउंड फॉर ग्लोरी’ मध्ये तो प्रथम दिसला. या यंत्राची सारी किमया तोलात होती. सोनाराच्या तराजूला फुंकर घातली तरी पारडे ढळते. तद्वत तोललेल्या कॅमेऱ्याच्या भिंगाला फोकस पुलरने बोट लावले की चित्र हेलकावे. आणि चालकाच्या मागे धावत कडी धरणार तरी कशी ? तेव्हा हात काढून घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. कडीला लहानशी विजेची मोटार लागली आणि तिला हुकूम बिनतारी संदेशाने जाऊ लागले.

बिनतारी हुकूम ही कल्पना काही नवी नव्हती. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये बिनतारी हुकमाने चालणारी छोटी होडी लोकांना दाखविली होती. महाराष्ट्रालाही बिनतारीचे अप्रूप नव्हते. विलायतेशी बिनतारी तारायंत्र १९२७ साली सुरू झाले, तेव्हा प्रक्षेपण खडकीहून होई आणि विलायतेचे संदेश दौंडला घेतले जात. नवे होते ते इतकेच की, हजारो मैल जाणारी शक्ती आता पन्नास पावलांवरची कडी केसभर फिरविण्याच्या कामी लागली. पुढल्या दशकांत अमेरिकेतील हॉवर्ड प्रेस्टन यांच्या आणि जर्मनीच्या आरी कंपनीच्या यंत्रांनी ही जुळणी पक्की केली. तिचे भाग तीन. पहिला हातातला : त्यावर एक चाक आणि चाकाभोवती अंतरे लिहावयाची पांढरी कडी. दुसरा कॅमेऱ्यावरचा ग्राहक : हातातल्या चाकाचा संदेश घेणारा. तिसरा मोटार : तिचे दाते भिंगाच्या कडीच्या दात्यांत बसलेले. भिंग बदलले की मोटार कडीला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून तिची सीमा शोधून घेते. मग चाकावरचा प्रत्येक अंश कडीवरच्या अंशाशी जुळतो. या जुळणीमुळे कॅमेरा मोटारीच्या टपावर बांधून बोरघाटाची वळणे घेत जाऊ शकतो, दोरावरून दरीपार जाऊ शकतो, ड्रोनवर चढून आकाशात उडू शकतो. आणि कडी फिरविणारा मागच्या गाडीत किंवा खाली जमिनीवर सुखरूप असतो. खंडाळ्याच्या कड्यावर एका बाजूला माणूस लटकवून फोकस धरावयास लावण्यापेक्षा हे खचित बरे.

२००७-०८ नंतर फिल्म मागे पडली आणि अंकीय कॅमेरे आले. त्यांनी दोन उलट गोष्टी एकदम केल्या. एक, फोकस पुलरला प्रथमच डोळे दिले : चित्रही आता बिनतारी मार्गाने त्याच्या समोरच्या पडद्यावर येऊ लागले, आणि रसायनशाळेच्या निरोपाची धास्ती संपली. दुसरी, त्याचे काम पूर्वीपेक्षा कठीण केले. नव्या कॅमेऱ्यांना उजेड थोडा पुरतो, म्हणून छायाचित्रकार छिद्र मोकळे ठेवू लागले. पूर्वी उजेड नाही म्हणून नाइलाजाने उघडीत. आता पार्श्वभूमी धुक्यासारखी विरघळावी, ही हौस म्हणून उघडतात. वसंतरावांच्या घरची ओसरी आणि मागचे अंगण, सारे दिसावे, हा जुना आग्रह गेला. मुद्रा तेवढी तरंगावी, हा नवा आला. दोन बोटांचा पट्टा अपवाद होता, तो नित्याचा झाला.

पडदा मिळाला म्हणजे अंदाजाची विद्या निरुपयोगी झाली काय ? पुष्कळांचा तसा समज आहे. तो हिशेबाने तपासू. माणूस सावकाश चालला तरी सेकंदाला सव्वा मीटर जातो. चित्रपटाच्या सेकंदाला चोवीस चित्रे. म्हणजे एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत तो पाच सेंटिमीटर पुढे सरकलेला असतो. पट्टा तर चार सेंटिमीटरांचा ! पडद्यावर अंधुक दिसले, मग डोळ्याने मनास सांगितले, मनाने हातास सांगितले, हाताने चाकास सांगितले, तोवर नट पट्ट्याच्या पार गेलेला असतो. त्यात बिनतारी चित्राला पोचावयास क्षणांश लागला तर तोही जमेस धरावा. एतावता पडदा पाहून फोकस धरता येत नाही. पडद्यावर फक्त झालेली चूक दिसते. नट आता पाऊल टाकणार, हे त्याने खांदा हलविला तेव्हाच ओळखावे लागते. ते ओळखण्यासाठी नटाकडे पाहिले पाहिजे, तालमीत त्याचा श्वास ऐकला पाहिजे. कॅमेऱ्याला खेटून उभ्या असणाऱ्याला हे आपसूक मिळे. दूर तंबूत काळ्या कापडाआड पडद्याला डोळे लावून बसणाऱ्याला ते मुद्दाम मिळवावे लागते. बिनतारी यंत्राने हात लांब केला, पण त्याबरोबर देहही लांब नेला. ही त्याची खरी किंमत आहे. म्हणून जाणते फोकस पुलर आजही, जागा असेल तेथे, यंत्र हातात घेऊन कॅमेऱ्याच्या बाजूलाच उभे राहणे पसंत करतात.

दुसरा प्रश्न याहून मोठा. आता अंतर मोजावयालाही यंत्रे आली आहेत. काही ध्वनिलहरी सोडतात, काही अदृश्य प्रकाशकिरण. २०२१ साली तर किरणांनी अंतर मोजून आपोआप फोकस लावणारी सोय कॅमेऱ्यातच घालून विकावयास आली. मग माणूस हवा कशाला ? अंतर मोजण्यात यंत्र माणसाला मागे टाकील, हे मी निमूटपणे मान्य करतो. परंतु फोकस म्हणजे केवळ अंतर नव्हे. कोणाकडे पाहावयाचे याची ती निवड आहे. समजा, एक म्हातारी चुलीपाशी बसली आहे आणि मागे दारात, परगावी निघालेला मुलगा उभा आहे. दोघेही मोजलेल्या अंतरावर आहेत. मुलगा “येतो” म्हणतो. फोकस म्हातारीवरून मुलावर त्या शब्दाच्या आधी जावा, शब्दाबरोबर जावा, की जाऊच नये आणि मुलगा अंधुकच निघून जावा ? दिग्दर्शक इशारा देईल. पण तो क्षण पकडावयाचा कडीवरच्या हाताने. तबलजीला ताल सांगितलेला असतो, सम कोठे आहे हेही ठाऊक असते, तरी ठेका जिवंत होतो तो त्याच्या बोटांत. यंत्राला मात्रा मोजता येतील; समेवर येण्याचा आनंद येणार नाही.

ही विद्या टिकावी कशी, ही माझी खरी चिंता आहे. मुंबईच्या धंद्यात कॅमेरा भाड्याने देणाऱ्या पेढीकडूनच कॅमेऱ्याबरोबर अटेंडंट येतो; पुष्कळदा फोकस पुलरही तेथलाच. पेट्या उचलणारा पोरगा भिंगे पुसावयास शिकतो, मग खुणा लावावयास, मग फीत धरावयास, आणि वर्षांनुवर्षे उस्तादाच्या कोपराशी उभा राहून एक दिवस कडी हातात घेतो. ही आपली गुरुकुलाची रीत आहे. तिला प्रमाणपत्र नाही, पण तिच्यात कस आहे. आता उस्तादच दूर एकटा बसू लागला, तर त्याच्या कोपराशी कोण उभे राहणार ? आणि स्वस्तातील यंत्र घेतले म्हणजे फोकस पुलर झालो, अशी समजूत पसरू लागली, तर मजुरी पडणार ती जाणत्याचीच. हे नुसते कलेचे दुखणे नाही. कष्टकऱ्याच्या भाकरीचे आहे.

प्रभातच्या जुन्या आवारात १९६० साली शासनाने चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था काढली, आणि तिने छायाचित्रकारांच्या पिढ्या घडविल्या. तिच्यासारख्या संस्थांत प्रवेश सर्वांनाच मिळतो असे नाही. मिळणे शक्यही नाही. आपल्या तालुक्यातील स्टुडिओ, नितीन देसाई यांच्या २०२३ मधील दुःखद निधनानंतर, राज्य शासनाच्या महामंडळाकडे आला आहे. ज्या जागेवर सार्वजनिक मालकी आली तेथे सार्वजनिक कर्तव्यही येते. कर्जत-खालापूरच्या मुलांनी तेथे केवळ पहारा करावा आणि तंबू ठोकावेत, एवढ्यावर आपण समाधान मानू नये. फीत धरणे, भिंग ओळखणे, अंतर जोखणे हे हातांनी शिकावयाचे काम आहे. त्याला इंग्रजी फर्डे बोलता यावे लागत नाही आणि घरी श्रीमंती असावी लागत नाही. कॅमेऱ्याशेजारी दोन उमेदवार उभे राहू देण्याइतके मोठे मन, आणि त्यांना उभे करणारी एखादी नियमित योजना, एवढेच लागेल.

आणि आपण प्रेक्षकांनी काय करावे ? आपल्याकडून होण्यासारखी एक लहानशी गोष्ट आहे. चित्रपट संपला की आपण खुर्चीतून उठतो, दिवे लागतात, आणि नावांची लांबलचक यादी रिकाम्या खुर्च्यांपुढून सरकत जाते. त्या यादीत, छायाचित्रकाराच्या नावाच्या बरेच खाली, फोकस पुलरचे नाव असते. ते येईपर्यंत दोन मिनिटे थांबावे. ज्याने आपले काम उत्तम केले म्हणून आपणांस तो दिसलाच नाही, त्याचे नाव वाचण्यास तेवढा वेळ द्यावयास काय हरकत आहे ?